बालवाडीसाठी निधी शोधताना राष्ट्रीय सीएसआर पोर्टल : वापरानंतरचा अनुभव

कंपनी व्यवहार मंत्रालयाचं हे पोर्टल सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चाचं. ती अनुदानांची यादी नव्हे. इथे अर्ज भरता येत नाही, शेवटची तारीखही कळत नाही. कोणत्या कंपनीने कोणत्या वर्षी, कुठे, कोणत्या कामावर किती खर्च केला, एवढीच नोंद दिसते. तरीही नागपूर परिसरात बालवाड्या चालवणाऱ्या संस्थेने निधीचा शोध इथूनच सुरू करावा, असं काही महिन्यांच्या नियमित वापरानंतर आमचं ठाम मत झालंय. ज्यांनी मुलांच्या कामाला आधी पैसे दिलेत, ते पुन्हा देण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आणि ते कोण, हे इथे फुकट कळतं.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ माहीत असलं की आकडे वाचता येतात. मागच्या आर्थिक वर्षात ५०० कोटींचं नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी), १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष लागू झाला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. त्यात कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं, असं कायद्यातच आहे. आपल्या प्रस्तावाचा पाया हाच.

शोधताना महाराष्ट्र, मग नागपूर जिल्हा, असं गेल्या तीन उपलब्ध वर्षांसाठी बघा आणि कंपनी, वर्ष, क्षेत्र, रक्कम अशा चार रकान्यांत एक्सेलमध्ये उतरवून घ्या. तिन्ही वर्षं दिसणारी कंपनी धरायची. एकदाच मोठी रक्कम दिसली, तर ते बहुधा एखाद्या इमारतीचं किंवा यंत्राचं काम असतं. दरवर्षीच्या मानधनाला ती कंपनी उपयोगाची नाही.

बालवाडी असं वेगळं क्षेत्र मात्र इथे सापडणार नाही. तीन ते सहा वयोगटाचा खर्च कधी 'शिक्षण'मध्ये, कधी 'भूक व कुपोषण निर्मूलन'मध्ये, तर कधी 'आरोग्य'मध्ये टाकलेला असतो. फक्त शिक्षण बघून थांबलात, तर खाऊ आणि पोषणावर खर्च करणाऱ्या कंपन्या निसटतात. शिवाय 'पॅन इंडिया', म्हणजे देशभराच्या, खात्यात टाकलेला खर्च जिल्ह्याच्या यादीत येतच नाही. ज्यांचा कारखाना बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत आणि मुख्यालय मुंबईत, त्यांना नावानेच शोधावं लागतं. हिंगण्यात महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, बुटीबोरीत सिएटचा टायर कारखाना आहे. नोंदणीकृत कार्यालय नागपूर असलेल्याच कंपन्या बघितल्या, तर अशी नावं हाती लागणार नाहीत.

आकडे नेहमी जुने असतात. कंपन्यांचं सीएसआर विवरण वर्ष संपल्यावर बऱ्याच महिन्यांनी दाखल होतं, त्यामुळे ताजं वर्ष अर्धवट दिसतं किंवा दिसतच नाही. कंपनीचा आताचा कल कळायला तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर जावंच लागतं. सीएसआर धोरण, समितीचे सदस्य आणि संचालक मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प तिथे जाहीर करणं बंधनकारक आहे.

आता या सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट. कंपनीच्या २०२०-२१ च्या वार्षिक अहवालाला जोडलेला सीएसआर तक्ता उघडा. त्यात प्रत्येक प्रकल्पाची एक ओळ असते : प्रकल्पाचं नाव, कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधली (सीएसआरला मान्य कामांच्या यादीतली) बाब, स्थानिक भाग आहे की नाही, राज्य व जिल्हा, रक्कम, काम कंपनीने स्वतः केलं की संस्थेमार्फत, आणि शेवटी संस्थेचं नाव व सीएसआर नोंदणी क्रमांक. कोणती कंपनी किती मोठ्या संस्थेला केवढी रक्कम देते, हे या एका ओळीवरून समजतं. तीन लाखांच्या ओळी दिसल्या तर तीस लाखांचा प्रस्ताव पाठवू नका, आणि सगळ्या ओळी दोन कोटींच्या असतील तर पाच बालवाड्यांच्या कामासाठी तिथे वेळ घालवू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये अहवालाचा नमुना आटोपशीर झाला आणि प्रकल्पवार तपशील देण्याची सक्ती गेली. म्हणून ताज्या अहवालात हा तक्ता मिळाला नाही तर जुना अहवाल काढायचा.

वर्गणी घेऊन अनुदानांच्या याद्या पाठवणाऱ्या सेवाही वापरून पाहिल्या. नाव घेत नाही, पण त्यातल्या बऱ्याच संधी परदेशी निधीच्या निघाल्या, आणि त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. त्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षांची हवी आणि तीन वर्षांत तिने आपल्या उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. परदेशी पैसा पहिल्यांदा दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, त्यामुळे मोठ्या संस्थेच्या आडून छोट्या बालवाडीला मिळायचा तो मार्गही बंद झाला. छोट्या संस्थेने अशा वर्गणीवर पैसे घालवू नयेत.

कंपनीशी बोलणी सुरू करण्याआधी कागद तयार हवेत, कारण होकार आल्यावर खरी अडचण तिथेच येते. सीएसआर-१, म्हणजे सीएसआरचं काम घेणाऱ्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी, १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. त्यासाठी चालू १२ए आणि ८०जी (संस्थेच्या व देणगीदाराच्या करसवलतीसाठीच्या प्राप्तिकर नोंदण्या), पदाधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी आणि सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणन लागतं. शिवाय अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. २०२१ मध्ये पुनर्नोंदणी झालेल्या बहुतेक संस्थांच्या १२ए आणि ८०जीची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची. नूतनीकरणाचा १०एबी अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी करायचा असतो. आपल्या आदेशावरची तारीख आजच बघून घ्या.

विदर्भातल्या संस्थांची एक खास अडचण नावाची. आपल्याकडे निम्म्या संस्था 'बहुउद्देशीय'. हा शब्द इंग्रजीत लिहिताना पॅनवर एक 'यू', दर्पण पोर्टलवर (नीती आयोगाच्या संस्था-नोंदणीच्या) दोन, बँकेत मध्ये आडवी रेघ, असं हमखास होतं. ऑनलाइन पडताळणीत पॅनवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. म्हणून आधी पॅनवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या. दुसरी अडचण चेंज रिपोर्टची. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो प्रलंबित असेल तर परिशिष्ट १ च्या (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या) उताऱ्यावर जुने विश्वस्त आणि बँकेत नवे सहीदार, असं चित्र दिसतं, आणि कंपनीचा लेखापरीक्षक तिथेच थांबतो. अशा वेळी बदल अर्जाची पोच आणि ठरावाची प्रत सोबत जोडा.

अंदाजपत्रकात दर मुलामागे खर्च दाखवा. उदाहरण म्हणून पाच बालवाड्या, प्रत्येकी २५ मुलं, म्हणजे १२५ मुलं धरू. अर्धवेळ ताई दरमहा ९,००० प्रमाणे ५,४०,०००. मदतनीस दरमहा ५,००० प्रमाणे ३,००,०००. खाऊ रोज मुलामागे १२ रुपये, २४० दिवसांचा, ३,६०,०००. पर्यवेक्षिका १,८०,०००. खोल्यांचं भाडं दरमहा ३,००० प्रमाणे १,८०,०००. साहित्य ७५,०००, प्रशिक्षण ६०,०००, लेखापरीक्षण व अहवाल ३०,०००. एकूण १७,२५,०००, म्हणजे मुलामागे वर्षाला १३,८०० रुपये. ताईंचं मानधन कमी दाखवून आकडा आकर्षक करू नका. ताई वर्षाच्या मध्येच सोडून गेल्या की बालवाडी बसते, आणि पुढचा हप्ताही अडतो.

'प्रशासनाला पाच टक्केच' असं कंपनीकडून ऐकायला मिळेल. सीएसआर नियम ७ मधली ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात मोडत नाही. म्हणून पर्यवेक्षिकेचं मानधन 'कार्यालयीन खर्च' या शीर्षाखाली न टाकता 'देखरेख' म्हणून, तिच्या महिन्याच्या भेटींच्या संख्येसकट लिहा.

सार्वजनिक कंपन्यांचं गणित वेगळं. कोल इंडियाची उपकंपनी वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मँगनीज काढणारी मॉईल, दोघांचीही मुख्यालयं नागपुरात. कोल इंडियाच्या धोरणात सीएसआरचा ८० टक्के खर्च खाण, प्रकल्प किंवा मुख्यालयापासून २५ किलोमीटरच्या आत करायचा असतो. उमरेड, सावनेर, कामठी भागातल्या बालवाड्यांसाठी प्रस्तावाला नकाशा जोडा आणि जवळच्या खाणीपासूनचं अंतर लिहा. मॉईलसाठी मनसर, कांद्री, गुमगाव, बेलडोंगरी या खाणींच्या आसपासची गावं बघा. खाणबाधित गावांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा (खाणचालकांच्या पैशांतून खाणबाधितांसाठी उभा केलेला) निधीही असतो. महिला व बालकल्याण त्याच्या प्राधान्यात येतं, पण ग्रामसभेचा ठराव आणि एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयाचं पत्र सोबत नसेल तर पाठपुरावा जड जातो. त्या गावात अंगणवाडी आधीच असेल, तर आपली बालवाडी वेगळं काय करते, हे पहिल्याच पानावर यायला हवं.

वेळ महत्त्वाची. कंपनीची पुढच्या वर्षाची सीएसआर कृती योजना ठरते तेव्हा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, प्रस्ताव टेबलावर असावा. मार्चमध्ये उरलेल्या पैशांची घाई असते, तेव्हा खेळणी, सतरंज्या, पाण्याचे फिल्टर अशा एकरकमी वस्तूंची यादी दरपत्रकांसह तयार ठेवा. मानधनाचा प्रस्ताव मार्चमध्ये नेऊन उपयोग नाही. त्याला बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजुरी लागते, आणि तशी मंजुरी सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांची.

पोर्टलवर रक्कम लहान म्हणून ज्या कंपन्या आपण गाळतो, त्याच पाच-दहा बालवाड्यांना जास्त जवळच्या आहेत. सीएसआरची रक्कम ५० लाखांपर्यंत असलेल्या कंपनीला समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर इथल्या अशा कंपन्यांना चाळीस पानी प्रस्ताव नको असतो. दोन पानं पुरतात : पहिल्यावर गावं, मुलांची संख्या आणि अंदाजपत्रक, दुसऱ्यावर सीएसआर क्रमांक, १२ए, ८०जी, पॅन आणि दर्पण आयडी. ती पोस्टाने न पाठवता कंपनी सेक्रेटरीच्या हातात द्या आणि पोच घ्या.