दुकानात जायचं की यादी पाठवायची?

25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली आणि जळगावात आमच्या घरात दोन पक्ष पडले. आई म्हणे दुकानात स्वतः जायचं, मी म्हणे यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची.

जायचं तर तोंडाला रुमाल, चुन्याच्या गोलात उभं राहणं, वर एप्रिलचं ऊन. पण पापडाची उडीद डाळ आई तळहातावर पसरून बघायची. किडका दाणा दिसला की पुडी परत. फोनवर दादर ज्वारी सांगितली तर हायब्रीड यायची, आणि शेव तिखटाऐवजी फिकी! शेवभाजी कशाची करणार, कप्पाळ?

तरी सत्तरीतल्या आईसाठी फोनच बरा. भाजी मात्र मी हातगाडीवरूनच घ्यायचो. कोंदट दुकानापेक्षा मोकळ्या हवेत धोका कमी, आणि मेथी निवडूनही घेता यायची.