मोदकांच्या ऑर्डरी आणि सर्व्हरलेस: नऊ महिन्यांनंतर

गिरगावातल्या एका काकूंच्या गृहउद्योगाचं ऑर्डर घेण्याचं पान मी सांभाळतो. उकडीचे मोदक, पुरणपोळ्या. एरवी दिवसाला दहा-बारा ऑर्डरी, संकष्टीच्या आदल्या दिवशी दोन-तीनशे, आणि गणपतीच्या तोंडावर तर विचारूच नका. एवढ्यासाठी वर्षभर सर्व्हर भाड्याने घेतलेला. पान कोणी उघडो न उघडो, महिन्याला हजार-बाराशे जायचेच. शिवाय डिस्क भरली, पानाच्या सुरक्षेचं सर्टिफिकेट संपलं, ही दुखणी माझ्या गळ्यात. आषाढात सगळा कोड उचलून एडब्ल्यूएस लॅम्डावर नेला. ही ॲमेझॉनची 'सर्व्हरलेस' सेवा: सर्व्हर आपण सांभाळायचा नाही; कोणी पान उघडलं, ऑर्डर टाकली, म्हणजे विनंती आली, की तेवढ्यापुरता कोड चालतो. आता चैत्र सरत आलाय.

आधी बिल. लॅम्डावर महिन्याच्या पहिल्या 10 लाख विनंत्या फुकट, आणि कोड किती चालला याचा हिशोब 1 मिलिसेकंदाच्या मापाने. चालण्याच्या वेळेलाही फुकटची मर्यादा आहे, ती आम्ही अजून ओलांडलेली नाही. पण 'चालला' यात वाट बघत बसणंही आलं. पेमेंटचं उत्तर यायला चार सेकंद लागले तर चारही मोजले जातात, सिग्नलला उभ्या टॅक्सीचं मीटर पडावं तसे. आणि डेटाबेस काही हवेत राहत नाही. ऑर्डरी साठवणारा आमचा डेटाबेस, पोस्टग्रेस, चोवीस तास चालू लागतो, तो अजून भाड्याच्याच सर्व्हरवर आहे, फक्त आधीपेक्षा छोट्या. म्हणजे बचत साधारण निम्मी.

श्रावणात बुकिंग उघडलं त्या सकाळी मात्र माझी पुरती जिरली. डोंबिवलीहून फास्ट लोकलमध्ये उभा होतो, काकूंचा फोन: "अरे, लोकांचे पैसे कापले जातायत आणि ऑर्डर दिसत नाहीये!" घाटकोपरला उतरलो, बाकावर लॅपटॉप उघडला. चूक माझीच होती. लॅम्डावर चालणाऱ्या कोडची एक प्रत एका वेळी एकच विनंती हाताळते; गर्दी वाढली की नव्या प्रती उभ्या राहतात, आणि माझ्या कोडमध्ये प्रत्येक प्रत डेटाबेसला आपलं वेगळं कनेक्शन उघडत होती. सेटिंग बदललं नाही तर पोस्टग्रेस एका वेळी 100च कनेक्शन घेतो. ती भरली, पुढच्यांना दार बंद. जुन्या सर्व्हरवर दहा कनेक्शनांत सगळं भागायचं, तेव्हा पान रखडायचं पण पडायचं नाही. त्या दिवशी एका वेळी किती प्रती चालाव्यात याला लगाम घातला. पुढे मध्ये पीजीबाउन्सर (थोडीच कनेक्शनं सगळ्या प्रतींत वाटून देणारा प्रोग्राम) बसवला आणि ऑर्डर आधी रांगेत टाकून मग सावकाश नोंदवायला लागलो. अडकलेले पैसे परत करण्यात आमचे दोन दिवस गेले, ते वेगळंच.

कोल्ड स्टार्टचा, म्हणजे बराच वेळ कोणी न आल्यावर नवी प्रत उभी राहायला लागणाऱ्या वेळेचा, बाऊ फार होतो. काकू पहाटे पाचला दिवसाची यादी उघडतात, तेव्हा प्रत थंड असते. तीनेक सेकंद थांबावं लागायचं. मेमरी 128 एमबीवरून 512 केली. लॅम्डावर मेमरीच्या प्रमाणात सीपीयूही मिळतो, त्यामुळे थांबणं सेकंदावर आलं. काम लवकर उरकतं म्हणून आकारणीही चौपट होत नाही. 128 वर चालवून काटकसर केली असं मानणाऱ्यांत मीही होतो.

एक गोष्ट मात्र बसलीच नाही. महिनाअखेरीचा सगळा हिशोब आणि पीडीएफ काढायला वीस-बावीस मिनिटं लागतात, आणि लॅम्डा 15 मिनिटांना हात वर करतो. तुकडे पाडता आले असते, पण एवढ्यासाठी कोण डोकं लावणार? ते काम डेटाबेसच्याच सर्व्हरवर क्रॉनला (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणाऱ्या सोयीला) लावून दिलं.

ठाण्यातल्या एका क्लासच्या हजेरीचं ॲपही माझ्याकडे आहे. सकाळी सात ते रात्री दहा एकसारखा वापर, गर्दी नाही की शुकशुकाट नाही. तिथे सर्व्हर रिकामा बसत नाही, म्हणून ते मी हलवलेलं नाही, हलवणारही नाही.

काकूंचं पान लॅम्डावरच राहील. यंदा बुकिंगच्या आठवडाभर आधी स्वतःच खोटी गर्दी पाडून बघणार आहे, आणि खऱ्या दिवशी लोकल धरणार नाही.