एकट्याच्या मुक्कामाला दोन थरांचा तंबू

एका माणसाच्या तंबूत आधी आतली लांबी बघा. २१० सेंमी लिहिलेली असली तरी उतरत्या भिंतींमुळे सहा फुटी माणसाचे पाय कापडाला टेकतात, २२० हवीच. उन्हाळ्यासाठी आतला थर जाळीचाच घ्यावा. बाहेरचं कापड नीट ताणलं नाही तर ते जाळीला चिकटतं, हवा खेळत नाही आणि पहाटे आत पाणी ठिबकतं. लोक त्याला गळती समजतात, पण बहुतेक वेळा ती आपल्याच श्वासातली वाफ असते. वरची झडप उघडी ठेवा आणि झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणा, कारण नायलॉनचं कापड ओलं झालं की सैल पडतं. पॉलिएस्टरला हा त्रास कमी, शिवाय ऊनही ते जास्त सोसतं.

सोबत मिळणाऱ्या खुंट्या मात्र अगदीच कच्च्या. गोल, बारीक खुंटी भुसभुशीत मातीत फिरते आणि सुटते. आडवा छेद इंग्रजी वाय (Y) सारखा असलेल्या, १५ ते १८ सेंमीच्या खुंट्या वेगळ्या घ्या. डोकं तंबूच्या उलट दिशेला कललेलं ठेवून पूर्ण ठोका. दांडे ॲल्युमिनियमचेच बरे. फायबरग्लास उभं चिरतं आणि त्याच्या कुसळांनी कापड फाटतं. तंबू ओलाच गुंडाळून ठेवला तर बाहेरच्या कापडाच्या आतल्या बाजूचं, पाणी अडवणारं पॉलियुरेथेनचं अस्तर चिकट होऊन सुटतं. घरी आल्याबरोबर सावलीत वाळवा.