नाउमनचा बोळ की ग्रॅहमची आरशांची खोली?

प्रेक्षकावरचं नियंत्रण कुठे जास्त जाणवतं, हे दोन अमेरिकन कलाकारांच्या, आत शिरून अनुभवायच्या व्हिडिओ-कलाकृतींत पाहू. ब्रूस नाउमनच्या १९७० च्या ‘लाइव्ह-टेप्ड व्हिडिओ कॉरिडॉर’मध्ये जेमतेम अर्धा मीटर रुंद बोळ, टोकाला एकावर एक दोन मॉनिटर. एकावर रिकाम्या बोळाची टेप, दुसऱ्यावर थेट चित्र. कॅमेरा मात्र मागे, दाराशी उंचावर. म्हणून मॉनिटरकडे जावं तसतशी आपलीच पाठ लहान होत जाते. बोळ रुंद केला की माणूस रेंगाळतो, बाजूला सरकतो आणि सरळ पुढे चालण्याची सगळी सक्तीच निघून जाते.

डॅन ग्रॅहमच्या १९७४ च्या ‘प्रेझेंट कंटिन्युअस पास्ट(स)’ या आरशांच्या खोलीत हिंडायला मोकळीक आहे. आरसा आत्ताचं दाखवतो, मॉनिटर ८ सेकंदांपूर्वीचं. आरशातला मॉनिटरही कॅमेरा टिपतो, त्यामुळे चित्रातल्या चित्रात १६ सेकंदांपूर्वीचं दिसतं. लेन्ससमोर कुणी उभं राहिलं की ही साखळी तुटते. नियंत्रण अंगाला जाणवायला हवं असेल, तर नाउमनच सरस.