रात्री झोपलेल्या फोनला हाक ऐकू जाते का? होम असिस्टंटच्या मोबाइल ॲपचा सहा महिन्यांचा अनुभव

आप्पांच्या पलंगाच्या कडेला, त्यांचा उजवा हात सहज पोचेल अशा जागी, एक बटण चिकटवलेलं आहे. ते दाबलं की दुसऱ्या खोलीत माझ्या उशाशी ठेवलेला फोन वाजला पाहिजे. माझी गरज एवढीच. त्यासाठी होम असिस्टंट आणि त्याचं अँड्रॉइड ॲप मी सहा महिने रोज रात्री वापरते आहे. ॲप चांगलं आहे. पण ते नुसतं टाकून भागत नाही, हे मला एका वाईट रात्री कळलं. घरात कुणी आजारी असेल, लहान बाळ असेल आणि फोनच्या भरवशावर झोपायचा विचार असेल, तर हे सगळं वाचाच.

आधी आमच्याकडे साधी बिनतारी घंटा होती. ती वाजायची अगदी वेळेवर, पण सगळं घर उठायचं. मुलं दचकून उठतात हे दोन-तीनदा पाहिल्यावर आप्पांनी ती दाबणंच बंद केलं. रात्रभर तहान लागली तरी पडून राहायचे. माझ्या एकटीच्या कानाशी वाजेल असं काहीतरी हवं होतं, म्हणून भाच्याने हे बसवून दिलं. होम असिस्टंट हे २०१३ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालतं, आणि बटणं, दिवे, फोन यांना एकमेकांशी बोलायला लावतं. दिवसा आम्ही दहा वेळा दाबून पाहिलं, दहाही वेळा फोन लगेच वाजला. मी निर्धास्त झाले.

पाचव्या रात्री जाग आली. किती वाजले बघावं म्हणून फोन उचलला, आणि तो माझ्या हातातच वाजायला लागला. पहाटेचे ४.१० झाले होते आणि पडद्यावर ओळ होती: आप्पांनी २.४० ला बोलावलं. तशाच आणखी दोन ओळी, २.४३ आणि २.५५ च्या. धावत गेले तर आप्पा जागेच होते. ‘तीनदा दाबलं गं. मग म्हटलं, दमली असशील, झोपू दे.’ दीड तास ते कूस बदलून देण्याची वाट बघत पडून होते.

फोनवर वायफायचा पंखा पूर्ण भरलेला दिसत होता. तरी माझा पहिला संशय वायफायवरच गेला. रात्री ते तुटत असणार आणि उचलल्यावर जोडलं जात असणार, असं वाटलं. पुढच्या रात्री संगणकावरून फोनला पिंग लावून ठेवलं. पिंग म्हणजे दर सेकंदाला मारलेली एक छोटी हाक, ‘आहेस का?’ पडदा चालू असताना उत्तर पाच-सात मिलिसेकंदांत येत होतं. पडदा बंद केल्यावर कधी शंभर, कधी तीनशे मिलिसेकंद लागत होते, पण उत्तर येत होतं. रात्रभर येत होतं. तेव्हा वायफाय तुटतच नव्हतं.

ते तुटत का नाही हे समजून घेतल्यावर बराच गोंधळ संपला. राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक दवंडी पिटतो, तिला बीकन म्हणतात. कोणासाठी निरोप येऊन पडलाय त्याची यादी तिच्यात असते. झोपलेल्या फोनची वायफाय चिप अधूनमधून क्षणभर जागी होते, यादीत आपलं नाव आहे का पाहते आणि नसेल तर परत झोपते. तोवर निरोप राउटर सांभाळून ठेवतो. म्हणून उत्तराला उशीर लागतो, पण निरोप हरवत नाही. फोनची ही झोप सावध आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

अडवणारी झोप वेगळीच. अँड्रॉइडमध्ये २०१५ साली, सहाव्या आवृत्तीपासून, डोझ नावाची सोय आली. फोन चार्जरला नसेल, पडदा बंद असेल आणि बराच वेळ जागचा हललेला नसेल, तर डोझ सगळ्या ॲप्सचं नेटवर्क बंद करून टाकतं. मधून मधून थोडा वेळ दार उघडतं, साचलेलं सगळं आत घेतं आणि पुन्हा मिटतं. रात्र चढेल तसं हे दार उघडण्यातलं अंतर वाढत जातं. वायफाय जोडलेलं, पिंगला उत्तर येतंय, आणि तरीही ॲपपर्यंत काही पोचत नाही, असं म्हणूनच होतं. फोन उचलला की हालचाल झाली, डोझ सुटलं आणि २.४० चा निरोप ४.१० ला वाजला. दिवसाच्या आमच्या दहा चाचण्या फुकट होत्या, कारण तेव्हा फोन कुणाच्या ना कुणाच्या हातातच होता.

आता ॲपकडे. यात निरोप दोन वाटांनी येऊ शकतो, आणि हे नीट कळलं की निम्मं काम झालं.

पहिली वाट गूगलच्या सेवेतून जाते. अँड्रॉइड फोन गूगलशी एक जोडणी धरून ठेवतो आणि बहुतेक ॲप्सचे निरोप त्या एकाच जोडणीवरून येतात. साध्या प्राधान्याचा निरोप डोझचं दार उघडेपर्यंत थांबतो, वरच्या प्राधान्याचा थेट फोनला उठवतो. आमचा निरोप साधा जात होता. होम असिस्टंटमध्ये निरोपाच्या मजकुराखाली दोन ओळी वाढवायच्या: टीटीएल (निरोप पोचला नाही तर किती वेळ साठवून ठेवायचा ते) शून्य आणि प्रायॉरिटी, म्हणजे प्राधान्य, हाय. बस्स. या दोन ओळींनी दीड तासाचं काम दोन-तीन सेकंदांवर आलं. सोबत चॅनेलच्या जागी अलार्म स्ट्रीम लिहिलं की फोन सायलेंटवर असला तरी गजराच्या आवाजात वाजतो. हे दस्तऐवजात दिलेलं आहे, पण पहिल्यांदा बसवणाऱ्याला ते समोर दिसत नाही. माझी ॲपबद्दलची मोठी तक्रार हीच. ‘हा निरोप तातडीचा आहे का?’ असा एक साधा प्रश्न निरोप बनवतानाच विचारायला हवा होता.

दुसरी वाट मला जास्त आवडते. ॲपच्या सेटिंगमध्ये पर्सिस्टंट कनेक्शन नावाचा पर्याय आहे. कधीच नाही, पडदा चालू असताना, फक्त घरच्या वायफायवर, किंवा नेहमी, यातलं एक निवडायचं. तो चालू केला की फोन घरातल्या संगणकाशी सरळ जोडणी धरून ठेवतो आणि निरोप घराबाहेर जातच नाही. इंटरनेट बंद पडलं तरी घंटा वाजते, फक्त राउटर चालू हवा. एका रात्री इंटरनेट तासभर नव्हतं. गूगलच्या वाटेवर असते तर त्या तासात काहीच आलं नसतं. मी ‘नेहमी’ निवडलं आहे, कारण ‘घरच्या वायफायवर’ हा पर्याय चालायला लोकेशनची परवानगी लागते. वायफायचं नाव वाचायचं तर अँड्रॉइडला ती हवी असते, आणि लोकेशन बंद झालं की आपण घरात आहोत हेच ॲपला कळत नाही. नेहमी जोडलेलं असताना वर सूचनांच्या पट्टीत एक कायमची ओळ दिसत राहते. ती बघून बरं वाटतं. माझ्या फोनची बॅटरी आधी रात्रभरात पाच टक्के उतरायची, आता नऊ टक्के उतरते. चार टक्क्यांत आप्पांची हाक पोचत असेल तर मला ते आनंदाने मान्य आहे.

ही दुसरी वाट चालायची तर ॲपला डोझमधून सूट द्यावी लागते. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपची माहिती, तिथे बॅटरी, आणि तिथे अनरिस्ट्रिक्टेड. खरं म्हणजे इथेच काम संपायला हवं. पण माझ्या फोनच्या कंपनीने डोझच्या वर स्वतःचा आणखी एक बॅटरी राखणारा बसवलाय. त्याची यादी वेगळी, ‘आपोआप सुरू होऊ द्या’ हे वेगळ्याच पानावर, आणि झोपवलेल्या ॲप्सची यादी तिसरीकडे. तिन्ही ठिकाणी जाऊन सांगावं लागलं. महिनाभराने फोनची प्रणाली अपडेट झाली आणि त्यातली एक सूट न विचारता परत काढून घेतली गेली. त्याचा मला फार राग आला. मी जागेपणी, विचार करून दिलेली परवानगी आहे. ती बदलायची असेल तर मला सांगायला नको?

जुन्या अँड्रॉइडमध्ये वायफायच्या प्रगत सेटिंगमध्ये एक सरळ ओळ असायची: झोपेत वायफाय चालू ठेवायचं का? नेहमी, फक्त चार्जिंगला असताना, कधीच नाही. आमच्या कपाटातल्या जुन्या टॅबलेटवर ती अजून आहे. त्यात डोझ नाही, त्यामुळे या ओळीला अर्थ होता आणि कुणालाही ती कळायची. आजच्या फोनमध्ये तीच ओळ शोधत मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. ती आता नाही, आणि असती तरी उपयोग नव्हता, कारण प्रश्न वायफायचा राहिलेलाच नाही. तुम्हीही शोधत असाल तर थांबा, आणि बॅटरीच्या पानावर जा.

सगळ्यात सोपा उपाय मात्र वेगळाच आहे: फोन चार्जरला लावून झोपा. चार्जिंगला असलेला फोन डोझमध्ये जात नाही. पण मी त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहत नाही. कुशीवर वळताना एकदा वायर ढिली झाली होती आणि ते सकाळीच कळलं. तेव्हा चार्जर लावाच, आणि वरच्या दोन्ही वाटाही नीट करून ठेवा. फोनमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, रोज रात्रभर शंभरवर ठेवणं बॅटरीला मानवत नाही.

राउटरचंही एक दुखणं निघालं. सगळं केल्यावरही नोंदींमध्ये जोडणी तुटून परत जुळल्याचं दिसत होतं, १.०७, २.०७, ३.०७. इतकं घड्याळ लावून तुटणारं वायफाय म्हणजे नक्की कुठेतरी तासाचा हिशोब आहे. तो ग्रुप कीचा निघाला. राउटर ठरावीक वेळाने सगळ्या उपकरणांना नवी किल्ली वाटतो, आमच्याकडे ते ३६०० सेकंदांवर होतं. झोपेतल्या फोनने ती वेळेत घेतली नाही की राउटर त्याला बाहेर काढतो. राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं आणि ती मुदत वाढवली, तेव्हापासून तसं तुटणं थांबलं.

माझ्या बहिणीकडे आयफोन आहे. ती आठवड्याला दोन रात्री येते तेव्हा तोच उशाशी असतो. तिथे हे बॅटरीचे खेळ करावे लागले नाहीत. क्रिटिकल अलर्टची परवानगी दिली की सायलेंटवरही वाजतो. हे मी मोकळेपणाने सांगते, पण एवढ्यासाठी फोन बदला असं म्हणणार नाही.

ॲपमधली मला सर्वात आवडलेली गोष्ट मात्र वायफायच्या पलीकडची आहे. निरोपाखाली आपलं बटण ठेवता येतं. मी त्यावर ‘येते’ असं लिहिलंय. ते दाबलं की आप्पांच्या पलंगाजवळचा छोटा पिवळा दिवा लागतो. मी न दाबल्यास दर वीस सेकंदांनी फोन पुन्हा वाजतो. आधी आप्पा बटण दाबायचे आणि अंधारात वाट बघायचे, कुणाला ऐकू गेलं की नाही हे कळायला मार्गच नव्हता. त्या वाईट रात्री तीन वेळा दाबून ते थांबले ते म्हणूनच. आता मी चष्मा शोधून चपला घालेपर्यंत त्यांना दिवा दिसलेला असतो. मी पोचते तेव्हा ते शांत असतात.

आणि रोज रात्री १०.३० ला चाचणीची घंटा आपोआप वाजते. मात्र त्याआधी फोन अर्धा तास न हलवता, चार्जरशिवाय ठेवलेला असतो, म्हणजे खरी झोप लागलेल्या फोनची परीक्षा होते. दोन मिनिटांत ‘येते’ दाबलं गेलं नाही तर आप्पांच्या खोलीतला दिवा लाल होतो, मग ते मला हाक मारतात आणि मी काय बिघडलंय ते झोपायच्या आधी बघते. त्या अपडेटने काढून घेतलेली सूट याच लाल दिव्याने पकडली.

ॲपला पाचपैकी चार तारे. एक कापला तो तातडीच्या त्या दोन ओळी दस्तऐवजात दडवून ठेवल्याबद्दल. फोनला दोनच, पुढचा घेताना बॅटरीची पानं आधी उघडून बघणार. बसवायला घरात एक तरी माणूस लागेल ज्याला सेटिंगमध्ये शिरायची भीती नाही. आमच्याकडे भाचा होता, आता मी आहे.

काल रात्री ३.२० ला फोन वाजला. ‘येते’ दाबलं, गेले. आप्पांना खिडकी लावून हवी होती, वारा येत होता. लावली. पांघरूण सारखं करत होते तेवढ्यात ते म्हणाले, ‘दिवा राहू दे थोडा वेळ.’