नद्यांचा जुना प्रवाह शोधताना: वृक्षवलयं, संगणकीय प्रारूप की पुराचा गाळ?

एखाद्या प्रदेशातल्या नद्यांचा काही शतकांचा हिशोब मांडायचा असेल, तर प्रवाह मोजणाऱ्या केंद्रांच्या नोंदी पुरत नाहीत. बहुतेक ठिकाणी त्या शंभर वर्षांच्याही नसतात आणि धरणं झाल्यावरचे आकडे मूळ नदीचे राहत नाहीत. पद्धत निवडण्याआधी एवढंच ठरवा की तुम्हाला शोध कशाचा आहे: लांबलेल्या दुष्काळांचा, महापुरांचा, की केंद्रच नसलेल्या उपनद्यांचा?

दुष्काळासाठी माझा कौल निःसंशय वृक्षवलयांना, म्हणजे झाडाच्या खोडात दरवर्षी वाढणाऱ्या आणि कोरड्या वर्षी अरुंद राहणाऱ्या वलयांना. खोडातून पेन्सिलीहून बारीक नमुना काढतात, घासून गुळगुळीत करतात आणि अरुंद-रुंद वलयांचा क्रम अनेक झाडांशी पडताळून प्रत्येक वलयाचं नेमकं वर्ष ठरवतात. मग अलीकडच्या मोजलेल्या प्रवाहाशी वलयांचं नातं बसवून मागे जातात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं पाणी १९२२ च्या करारात वाटलं गेलं, तेव्हाच्या नोंदी ओल्या काळातल्या होत्या. वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही खोऱ्यांना मिळून वर्षाला १५ दशलक्ष एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं राहील इतकं पाणी म्हणजे एक एकर-फूट) ठरले. १९७६ मध्ये वलयांवरून दीर्घकालीन सरासरी निघाली सुमारे १३.५ दशलक्ष. ब्रह्मपुत्रेचं उलट झालं. तिथे १९५६ ते १९८६ हा मोजणीचा काळ सात शतकांतल्या सर्वांत कोरड्या काळांपैकी निघाला, म्हणजे पुराचा धोका कमी धरला जात होता. हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

मात्र वलयांतून हंगामाचा किंवा वर्षाचा प्रवाह कळतो, एका दिवसाचा पूर नाही. शिवाय टोकाचे आकडे सरासरीकडे दबतात, विशेषतः अतिओल्या वर्षांचे.

महापूरच शोधायचा असेल तर खडकाळ घळीतल्या कपारी पाहा. फुगलेलं पाणी तिथे संथ होऊन बारीक गाळ सोडतं. थराच्या उंचीवरून पाणी किमान कुठवर चढलं होतं ते कळतं, कार्बन कालमापनाने वय. पात्र बदलत राहणाऱ्या सपाट प्रदेशात याचा फारसा उपयोग नाही.

पाऊस आणि तापमानाचे आकडे भरून चालवलेलं संगणकीय प्रारूप रोजचा प्रवाह देतं, तोही कुठल्याही उपनदीचा. संपूर्ण प्रदेश हवा असेल तर त्याला पर्याय नाही. पण मागे जावं तशा पर्जन्यमापकांच्या नोंदी विरळ होतात आणि पावसातली चूक थेट प्रवाहात उतरते.

प्रदेशभराच्या कामासाठी मी आधी धरणांचा परिणाम वजा करून मोजलेले आकडे शुद्ध करीन, त्यांवर प्रारूप बसवीन आणि शतकांचा आवाका वलयांतून घेईन. मोजलेल्या वर्षांपैकी काही पडताळणीसाठी बाजूला ठेवाच. त्यांतला कोरडा टप्पा पद्धतीला पकडता आला नाही, तर तिने सांगितलेल्या जुन्या दुष्काळांवर पाणीवाटप बेतू नका.