पुरानंतरची गरज: घरोघरी फॉर्म की गटचर्चा?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यातल्या वस्त्यांत शिरलं. अशा वेळी मदतीला धावणाऱ्या आपल्या मंडळांपुढे पहिला प्रश्न असतो, तो गरज ओळखायची कशी.

घरोघरी भरलेल्या फॉर्मचं बळ आकड्यात आहे. स्फिअर मानकांनुसार, म्हणजे आपत्तीतल्या मदतीच्या आंतरराष्ट्रीय किमान निकषांनुसार, माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, निवाऱ्यात ३.५ चौरस मीटर जागा आणि २० जणांमागे एक शौचालय हवं. ही मानकं सन्मानाने जगण्याच्या हक्कावर उभी आहेत. त्यामुळे महापालिकेपुढे तफावत मांडली की ती विनवणी राहत नाही, मागणी होते. मात्र फॉर्मला उत्तर बहुधा घरातला कर्ता पुरुष देतो. खोलीत राहणारा परप्रांतीय मजूर तर यादीत येतच नाही.

गटचर्चेत, तीही बायकांची वेगळी आणि बाई कार्यकर्तीने घेतलेली असेल तर, वेगळंच कळतं. शौचालय आहे, पण आतून कडी नाही, वाटेवर दिवा नाही. म्हणून बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. सगळ्यांना एकत्र बसवलं, तर वस्तीतला पुढारीच बोलतो. आणि अत्याचाराबद्दल चारचौघांत कधीच विचारू नये.

माझं मत स्पष्ट आहे: आधी गटचर्चा, मग तिच्यातून निघालेल्या प्रश्नांचा छोटा फॉर्म. माहिती देणाऱ्यांची नावं मात्र त्यांच्या संमतीशिवाय कुणालाही देऊ नका, अधिकाऱ्यांनाही नाही.